सोळा-सतराचा पाना

"मग तो पाना तुम्ही ठेवलाय तरी कुणासाठी, मिस्त्री?"

भैरू झोरेने उभ्या उभ्याच विचारलं. खंडेनवमीचा दिवस होता. गॅरेजमधली सगळी हत्यारं पाटावर मांडलेली, हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूचा हार घातलेला, आणि मधोमध तो सोळा-सतराचा पाना.

माझं पंक्चरचं दुकान पांचाळ मिस्त्रींच्या गॅरेजला लागूनच आहे, कुंभार्ली घाट उतरून आलं की पोफळीच्या अलीकडे. त्यामुळे हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय. कुणी येऊन मला वेगळं सांगू नये.

तो पाना मिस्त्रींना त्यांच्या गुरूंनी दिलेला. झिजून त्यावरचे आकडेसुद्धा गेलेत. मिस्त्रींच्या हाताखाली अकरा जण तयार झाले, कराडपासून गुहागरपर्यंत त्यांची गॅरेजं आहेत, पण पाना अजून कुणालाच मिळालेला नाही. आणि मिस्त्री आता चौऱ्याहत्तरचे झाले.

भैरू अकरावा. अकरांत उजवा, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. माझ्या डोळ्यांदेखत शिकलाय तो, मला त्याचा अभिमान वाटतो. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्याच्या स्वतःच्या गॅरेजचं उद्घाटन होतं. पत्रिकेत त्याने छापून टाकलं होतं, 'पांचाळ मिस्त्रींचे पट्टशिष्य'. पाना हातात पडायच्या आधीच.

मिस्त्री बशीतून चहा पीत राहिले.

मग भैरूने आपली कर्तबगारी सांगायला घेतली. क्लचप्लेट अडीच तासांत बदलणारा तालुक्यात दुसरा असेल तर दाखवा म्हणाला. वैशाखात नवरानवरीला घेऊन येताना हेळवाकला जीपची क्लचवायर तुटली, ती गोष्टही काढली. बंद गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून त्याने स्टार्टर मारला होता, आणि पुढे इंजिनच्या आवाजावर कान ठेवून एकेक गिअर बसवत अख्खा घाट उतरवला होता. मागे बसलेल्या नवरीला कळलंही नाही. आमच्याकडे ही गोष्ट पोरंटोरं सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही.

"खरं आहे," मिस्त्री म्हणाले. "त्या दिवशी मी पेढे वाटले होते."

भैरू माझ्याकडे बघून हसला.

"आणि आता तुझ्या जीपला काय झालंय?"

...

भैरूचं हसू गेलं. जीप बाहेरच उभी होती. चढाला इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो, हे त्यानेच मला सकाळी सांगितलं होतं. वर्षभरात ही तिसरी प्लेट.

"डुप्लिकेट माल येतो, मिस्त्री. प्लेट टिकत नाही."

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. आज हत्यार उचलायचं नाही, म्हणाले, हत्याराशिवाय तपासून दाखव.

भैरूला तेवढंच हवं होतं. तो जीपमध्ये बसला, हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि थोडी रेस देऊन क्लच सोडला. प्लेट धड असती तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं असतं. ते गुरगुरत चालूच राहिलं.

"प्लेट घासलीय. स्लिप मारतेय," भैरू म्हणाला. त्याचं निदान कधी चुकत नाही.

"रोग सांगितलास. लागला कुठून?"

"सांगितलं की. माल खराब."

"तिन्ही वेळा?"

...

मिस्त्री उठले. हारातलं एक टपोरं फूल तोडून जीपपाशी गेले. कंबर धरून वाकले आणि ते फूल त्यांनी क्लचच्या डाव्या बाजूला, खाली पत्र्यावर ठेवलं. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन ये, म्हणाले, सपाटीचा रस्ता आहे, तेवढी जाईल गाडी.

भैरू गेल्यावर मी विचारलं, फूल कशाला? तर मला म्हणाले, चुना आहे का. हे असं आहे मिस्त्रींचं.

देऊळ तीन किलोमीटरवर. पंधरा मिनिटांत भैरू परत आला. उतरला तो तळहातावर फूल घेऊनच. फूल जसंच्या तसं होतं, नुकतं तोडल्यासारखं.

"बघा मिस्त्री. एक पाकळी हलली नाही. अशी चालवतो मी गाडी."

मलाही कौतुक वाटलं, कशाला खोटं बोलू. चांगली मान डोलावली मी.

मिस्त्रींनी फूल घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"गिअर किती वेळा बदललास?"

"आठ-दहा वेळा."

"आणि बाकी सगळी वाट तुझा डावा पाय कुठे होता?"

...

भैरू म्हणाला, पत्र्यावर फूल होतं ना, त्यावर पाय कसा ठेवणार.

मिस्त्रींनी जीपचं दार सताड उघडलं. मीही डोकावलो. क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं होतं. शेजारचा पत्रा, जिथे गाडी चालवताना डाव्या पायाने निवांत बसायचं, तिथे मात्र पहिल्या दिवसाचा रंग शाबूत होता. जीप सात वर्षांची आहे.

"नुसता टेकलेला असतो पाय," भैरू हळूच म्हणाला. "मी दाबत नाही."

"नुसता टेकला तरी प्लेट घासत राहते," मिस्त्री म्हणाले. तेव्हा मात्र भैरूचा आवाज चढला.

"म्हणजे मला गाडी चालवता येत नाही? अख्खा घाट क्लचशिवाय उतरवलाय मी."

"म्हणून तर पेढे वाटले. सात वर्षांत तेवढीच वाट तुझा पाय क्लचवर नव्हता."

...

भैरू खाली मान घालून उभा राहिला. एवढा धिप्पाड गडी, पण डोळे भरले होते. पत्रिका वाटून झाल्यात, तो म्हणाला, उद्या लोक पाना बघायला येतील, त्यांना काय सांगू?

मिस्त्री पाटापाशी गेले. त्यांनी पान्यावरचं कुंकू सारखं केलं, पण पाना उचलला नाही. परत आले, भैरूची मूठ उघडली आणि ते फूल त्याच्या तळहातावर ठेवलं.

"पाना इथेच आहे. तू हे फूल चुरगळून आण."