बावीस पोपटांची पाठशाळा

एका राज्यात सद्गुणांचे पाठांतर फार चालत असे. राजा धीरसेनाची आज्ञाच होती, की प्रत्येक पाठशाळेतल्या मुलांनी रोज सकाळी एकवीस गुण एका सुरात म्हणावेत. वर्षभरात ज्यांचा सूर एकदाही तुटला नाही, त्यांच्या गुरूला मोत्यांचा कंठा मिळे. नदीकाठच्या पाठशाळेतल्या कमळजाबाईंच्या गळ्यात असे चार कंठे होते. बाई मनाने प्रेमळ. पण पाठ मोडलेला त्यांना खपत नसे.

एके सकाळी पाठ चालू असता अंगणात एक म्हातारी ठेच लागून पडली. मुले नेमका सातवा गुण म्हणत होती, ‘पडलेल्यास हात द्यावा.’ गोदा नावाची मुलगी उठू लागली. बाईंनी डोळे वटारून तिला खाली बसवले.

म्हातारी आपली आपण उठली. ती काजळगडाची जादूगारीण होती.

“यांना नुसते तोंडच दिलेस की ग बाई! मग बाकीचे शरीर कशाला?” असे म्हणून तिने मूठभर धूळ उडवली. चटयांवर मुलांच्या जागी बावीस हिरवे पोपट बसले आणि आठवा गुण न चुकता म्हणू लागले.

बाईंनी तिचे पाय धरले. “चूक माझी. शिक्षा मला करा.”

“तुलाच करते आहे. आज यांना नागाच्या गुहेत ने, उद्या दरबारात, परवा सागाच्या रानात. परवाचा सूर्य मावळायच्या आत यांनी कोणी न सांगता एक भले काम केले, तर मुले परत मिळतील. नाहीतर आईबापांना विसरून उडून जातील. आणि तू ‘असे करा, तसे करू नका’ यातला एक शब्द काढलास, नुसती मान जरी हलवलीस, तरी सारे तिथेच संपले.”

पंचवीस वर्षे बाईंनी दुसरे केले तरी काय होते? त्या ओठ मिटून निघाल्या. डोक्यावरून पोपटांचा थवा, पाठ म्हणत म्हणत.

नागाच्या गुहेत माणकांची रास होती. तिला शाप असा, की उचललेला खडा पुन्हा खाली टाकवत नाही. ‘लोभ धरू नये’ म्हणता म्हणता पोपटांनी एकेक माणिक चोचीत धरले आणि पाठ बंद पडला.

“बाई, तुमची शाळा आज गप्प कशी?” नाग हसला. “हे आता इथेच राहतील. की गळ्यातले ठेवता?”

बाईंनी चारही कंठे काढून राशीवर ठेवले. खडे खळखळ खाली पडले.

“हे भले काम तुमचे झाले,” नाग म्हणाला. “यांचे नव्हे.”

दुसऱ्या दिवशी दरबारात मुलांचे आईबाप रडत उभे होते. राजा म्हणाला, “त्या जादूगारणीला बांधून आणतो. दोष तिचाच ना?”

नुसते हो म्हणायचे होते.

“नाही महाराज. मुलगी उठत होती. मी तिला बसवले.”

“मग मुले परत आली, तरी त्यांच्या गुरू तुम्ही नाही,” राजा म्हणाला.

“आज्ञा,” बाई म्हणाल्या. त्या दिवशी पोपट पाठ म्हणायचे विसरले. पण गप्प बसणे म्हणजे काम नव्हे.

तिसऱ्या दिवशी सागाच्या रानात शिकाऱ्याच्या जाळ्यात एक ससाणा अडकला होता. पंख पिळवटलेले, डोळे मिटत आलेले. पोपट उंच फांदीवर बसून म्हणू लागले, ‘प्राणिमात्रांवर दया करावी.’

“गळे गोड आहेत,” ससाणा क्षीण आवाजात म्हणाला. “जवळून ऐकायला आवडले असते.”

बाई खाली बसल्या आणि जाळ्याच्या गाठी सोडवू लागल्या. दोरी चिवट होती. बोटे सोलवटली, तरी एक गाठ सुटेना. सूर्य डोंगराला टेकला. ‘या रे खाली’ एवढे तीन शब्द बाईंच्या जिभेवर आले. त्यांनी जीभ दातांखाली धरली.

फांदीवर एक सूर कमी झाला.

“बाई,” गोदाने विचारले, “हा मला खाईल का?”

बाईंना खोटे बोलवेना. “खाईलही. मला ठाऊक नाही.”

गोदा थोडा वेळ फांदीवरच चुळबुळली. मग खाली उतरली आणि दोरी कुरतडू लागली.

“अशी नव्हे, वेडे! पीळ उलटा आहे,” वरून सोपान नावाचा पोपट ओरडला आणि झेपावला. “सर पलीकडे.”

“तूच सर! माझी गाठ आहे ही.”

मग तिसरा आला, पाचवा आला. चोची दोरीत गुंतल्या आणि पाठ कुठल्या गुणावर तुटला, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. शेवटचा धागा तुटला. ससाण्याने पंख झाडले, पोपटांकडे एकवार पाहिले आणि तो डोंगरापलीकडे निघून गेला. तिथे सूर्याची अजून एक कोर उरली होती.

गवतावर बावीस मुले बसली होती, तोंडातले दोरीचे तंतू थुंकत. सोपान आणि गोदा अजून भांडतच होती. बाईंनी त्यांना गप्प केले नाही. त्या हुंदके देत हसत होत्या.

आईबापांनी राजाकडे जाऊन बाईंना परत मागितले. राजाने सारे ऐकून घेतले, एका सुरात पाठ म्हणण्याची आज्ञा मागे घेतली, कंठे देणे बंद केले आणि बाईंची पाठशाळा बाईंच्या हाती दिली. तिथे गुण पुढेही म्हटले जात, पण एकवीसच्या एकवीस क्वचितच पुरे होत. कोणी ना कोणी मधूनच उठून बाहेर धावे, आणि ते परत येईपर्यंत बाई पुढचा गुण सुरू करत नसत.