उजवीकडची नळी

गाड्यांचे भाग आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. घाटात दूध वाहणाऱ्या एका जीपच्या पुढच्या दोन चाकांना ब्रेक ऑइलच्या दोन रबरी नळ्या होत्या. एका उतारावर डावी नळी फुटली आणि जीप कशीबशी कठड्याला घासून थांबली.

"सगळ्यांचा जीव घेतला असतास," उजवी तिला म्हणाली.

गॅरेजात इनास मिस्त्रींनी डावी काढली आणि मग उजवीलाही हात घातला.

"मला कशाला? एक थेंब तरी गळला का माझा?" उजवी फणकारली.

मिस्त्रींनी तिच्यावरचा वाळलेला चिखल पुसला आणि तिला बोटांत वाकवलं. रबरावर भेगाच भेगा उघडल्या.

"दोघी एकाच दिवशी बसवल्या होत्या," ते म्हणाले.

भंगाराच्या डब्यात डावीनं सरकून तिला जागा करून दिली. उजवीला तिच्याकडे बघवेना.