शिसवी ठोकळे

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा घोडे बोलत असत; फक्त त्यांचं मत कोणी विचारत नसे.

एका डोंगरी राज्यात एक रथवाला राहत होता. राजाच्या शर्यतीत त्याचा रथ सलग सात वर्षं पहिला आला होता. हलका, दोन चाकांचा, दोन घोड्यांचा रथ. रथवाला त्याला जिवापाड जपे. रोज पुसे, आसाला वंगण देई, पितळी कड्या चिंचेने घासून लखलखीत ठेवी. परक्याचा हात मात्र तो रथाला लागू देत नसे, अगदी सुताराचाही. "माझ्या रथाचं दुखणंखुपणं मलाच कळतं," असं तो म्हणे. त्यात थोडं खरं होतं आणि बराचसा तोरा होता.

रथाच्या प्रत्येक चाकामागे लाकडाचा एकेक ठोकळा होता. हाताशी असलेला दांडा ओढला, की दोन्ही ठोकळे चाकांच्या धावांवर, म्हणजे घेरावरच्या लोखंडी पट्ट्यांवर, दाबले जात आणि रथ थांबे. शर्यतीत या ठोकळ्यांना कोणी विचारत नाही. घाट उतरताना मात्र सगळा भरवसा त्यांच्यावर असतो.

त्या वर्षी रथवाल्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं होतं. पहिल्या सणाचं माहेरपण आटोपून ती सासरी निघायची होती. सासर घाटाखाली. "लेकीला मी माझ्या रथातून पोचवणार," असं बापाने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी त्याने वाकून पाहिलं, तर ठोकळे झिजून बोटभर उरले होते.

"अहो, सुतारीण मावशींना बोलवा," बायको म्हणाली. "पोर बसणार आहे त्यात."

"पोर बसणार आहे म्हणूनच मी स्वतः करणार," तो म्हणाला.

त्याने आसाखाली दगड रचले, चाकं काढली, खुंट्या ठोकून जुने ठोकळे बाहेर काढले. रथ घडवताना बसवलेले ते ठोकळे हातात घेतल्यावर त्याला त्यांचा रागच आला. पांगाऱ्याचं मऊ लाकूड, नखाने ओरखडा उठावा असं! असलं लाकूड झिजणार नाही तर काय होणार? त्याने माळ्यावरचं शिसवाचं खोड उतरवलं. दिवसभर कापून, तासून, घोटून दोन ठोकळे केले, आरशासारखे गुळगुळीत. शिवाय त्या गावची एक रीत होती. पाट असो, पाळणा असो की उंबरठा, घरात नवं लाकूड आलं की त्याला तिळाचं तेल पाजायचं. रथवाल्याने ठोकळ्यांना ते तीनदा पाजलं. रीत मोडून कसं चालेल?

मग ठोकळे बसवले. चाक हाताने गरकन फिरवलं, दांडा ओढला. चाक थांबलं. हाताने फिरवलेलं चाक थांबायला काय लागतं? पण रथवाला खूश झाला.

सुतारीण मावशी त्याच्या गल्लीतून चालली होती. नवरा गेल्यापासून सगळ्या गावाच्या गाड्या तीच बघत असे. तिने ठोकळ्यावर बोट ठेवलं. बोट घसरलं.

"दादा, याला तेल पाजलंत?"

"तीन वेळा."

"आणि शिसव घातलंत. हा झिजायचा कधी?"

"झिजू नये म्हणूनच तर घातलंय, मावशी. माझ्या नातवापर्यंत टिकेल."

"ठोकळा टिकेल हो," मावशी म्हणाली. "रथाचं काय? एक ऐका. लेकीला बसवण्याआधी एकदा रिकामा रथ घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत नेऊन बघा."

रथवाला हसला. सात वर्षं पहिला येणाऱ्या माणसाला वळणापर्यंत जाऊन बघायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मावशी निघून गेली. तिला वाईट वाटलं, पण तिने वाद घातला नाही.

निघायच्या सकाळी आईने लेकीची ओटी भरली. वारा झोंबत होता, म्हणून तिच्या पायांवर घोंगडी टाकली. रथ निघाला. पहिला उतार सोपा होता. दुसऱ्या उतारावर रथवाल्याने दांडा ओढला. रथ थांबला नाही. त्याने अंगातला सगळा जोर लावला. ठोकळे धावांवर नुसते सरकत राहिले, तेल तापून त्याचा वास सुटला, आणि मागून रथ घोड्यांना रेटू लागला.

"धनी, आम्ही ओढत नाही आहोत," डावा घोडा धापा टाकत म्हणाला. "तो आम्हाला ढकलतोय."

डावीकडे दरी होती, उजवीकडे डोंगराची कड. समोर मोठं वळण दिसत होतं. रथवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला स्वतःचं काही वाटलं नाही. शेजारी लेक होती.

"बाबा, क्षणभर दांडा सोडा," लेक म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"सोडा म्हणते ना!"

त्याने दांडा सोडला. ती उजव्या बाजूने मागे वाकली आणि घोंगडीची जाड घडी चाक आणि ठोकळा यांच्यामध्ये दोन्ही हातांनी कोंबली. "ओढा!"

त्याने ओढला. खरखरीत लोकर धावेला चावली. घोंगडी करपू लागली, तिचे धागे तुटून भुगा होऊन उडू लागला. जसजशी घोंगडी झिजत गेली, तसतसं ती आणखी आत कोंबत राहिली. उजवं चाक जड झालं, रथ डोंगराकडे ओढला गेला, कडेच्या मातीला घासत घासत गेला आणि वळणाच्या चार हात अलीकडे थांबला.

 मग बापाने लेकीचे हात पाहिले. मेंदी अजून लाल होती. तळव्यांची कातडी मात्र सोलून निघाली होती.

तो तिथेच धुळीत बसून रडला. लेक रडली नाही. तिने पदराने हात बांधले आणि उरलेला घाट पायी उतरून सासरी गेली. बाप रथ तिथेच सोडून तिची ओटी सांभाळत मागून चालला. सासूने दारात विचारलं, "हाताला काय झालं ग?" लेक म्हणाली, "बाबांचा रथ थांबवला." ती चिडून बोलली नाही, तिने साधं सांगितलं, पण बापाला ते जन्मभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी तो सुतारणीच्या दारात उभा राहिला. "मावशी, मऊ लाकूड द्या. चांगलं झिजणारं."

मावशीने काही सुनावलं नाही. पांगाऱ्याचे दोन कोरडे तुकडे दिले, आणि कसे बसवायचे ते दाखवत त्याच्याकडूनच बसवून घेतले. त्यानंतर दर तीन महिन्यांनी तो ठोकळे स्वतः बदलू लागला. पण ते मावशीला दाखवल्याशिवाय आणि घाटात रिकामा रथ फिरवल्याशिवाय त्याने कुणाला रथात बसवलं नाही. लेक मात्र पुन्हा कधी त्या रथात बसली नाही. माहेरी यायची तर ती घाट चालून चढे.

तात्पर्य : झिजणं हेच ज्याचं काम, त्याला झिजू दिलं नाही, तर त्याच्या वाटणीचं झिजणं आपल्या माणसांच्या वाट्याला येतं.