माफीचा ताईत

एका राज्यात एक चाल होती. पोराचा पहिला दुधाचा दात पडला, की त्याला नवे कपडे घालायचे, तोंडात गुळाचा खडा द्यायचा आणि वेशीबाहेरच्या इंगळशिळेपाशी न्यायचं. शिळेला एक भेग होती. भेगेत एक पांढरी इंगळी राहायची. ती किती वर्षांची होती कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईमाणसाला वय विचारू नये, म्हणून कुणी विचारलंही नाही.

पोराने खांद्यापर्यंत हात आत घालायचा. इंगळी दंडावर नांगी मारायची. पोर भोकाड पसरायचं, तीन दिवस तापायचं, चौथ्या दिवशी उठून भात मागायचं. दंडावर तांदळाएवढा पांढरा डाग राहायचा.

त्या डागाचे दोन गुण होते. राज्यात मोठा ताप आला, की तो माणसाचा दंड हुंगायचा आणि डाग दिसला, की पुढच्या वाटेला लागायचा. आणि न्यायसभेत न्यायाधीशही आधी दंडच बघायचे. डाग असला, की माणूस जाणता; त्याची साक्ष खरी आणि त्याचा गुन्हाही खरा. डाग नसला तर लेकरू. लेकराला शिक्षा नाही.

त्या राज्याचा राजा वीरकंठ. राणी बाळंतपणात गेली होती, मागे एकच मुलगी, इंदुलेखा. तिला बयजा दाईने वाढवलं. इंदुलेखेचा दात पडला, तेव्हा ती हसली आणि राजाच रडला. एवढासा दंड आणि त्याला नांगी!

राजा रडायला लागला, की मांत्रिक येतोच. धूमकेश नावाचा मांत्रिक आला. त्याच्या पायांखालचं गवत वाकत नव्हतं.

"राजा, माफी हवी?"

"हवी. तिला काटा लागू नये, ताप येऊ नये, कुणी तिला जाब विचारू नये."

"येणारं ते येतंच. मी फक्त वळवतो. कुणाकडे, ते विचारायचं नाही."

राजाने विचारलं नाही. धूमकेशाने मुलीच्या गळ्यात काळ्या दोऱ्याचा ताईत बांधला. गाठ बांधली, आणि गाठ दिसेनाशी झाली.

इंदुलेखा वाढली. झोपाळ्यावरून पडली, तर तिचा गुडघा साफ. अंगणात धान्य निवडणारी दासी मात्र "अगं बाई" म्हणून खाली बसली आणि तिच्या लुगड्यावर रक्त पसरलं. इंदुलेखेने दिव्यावर बोट धरलं, तर पलीकडच्या आळीत आचाऱ्याचा हात पोळला. तिला वाटलं, आपण जात्याच भाग्यवान. सगळं सुरळीत चाललं असलं, की हे वाटायला फारशी अक्कल लागत नाही; मलाही अधूनमधून वाटतं.

मग ती रथ हाकायला शिकली. आणि एका सकाळी साळ्यांच्या आळीतून तिने घोडे उधळले. मालू साळी हातातलं सूत सावरत दारातून बाहेर आला होता. चाक त्याच्या पायावरून गेलं. गुडघ्याखालचा पाय कामातून गेला.

मालूला उचलून न्यायसभेत आणलं. न्यायाधीशांनी इंदुलेखेचा दंड बघितला. दंड कोरा होता. इंदुलेखा लग्नाला आली होती, उंचीने न्यायाधीशांच्या वर होती. ते खाली बघून म्हणाले, "लेकरू आहे. तक्रार दाखल होत नाही."

मालू एवढंच म्हणाला, "लेकराला घोडे कुणी दिले?"

न्यायाधीशांनी पुढची तक्रार पुकारायला सांगितली.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, रस्त्यात आवाज आला. खळ्. खळ्. लोकांनी फटीतून बघितलं. लोखंडी बेडी चालली होती, तिच्यात पाय नव्हते. एकेका उंबऱ्याशी ती थांबायची, चुकलेल्या जनावरासारखी. इंदुलेखेची शिक्षा होती ती. मालकीण सापडत नव्हती. तिच्या मागून ओल्या केसांची एक बाई चालत होती. तिला कुणी पाहिलं नाही, नुसती ओली पावलं उमटत गेली. राज्यात मोठा ताप आला होता, त्यातला राजकन्येच्या वाट्याचा ताप होता तो. दोघी बयजेच्या दाराशी आल्या. पावलं आत गेली. बाहेर आली नाहीत.

सकाळी बयजेच्या पायांत बेडी होती. तिला ना सांधा, ना कुलूप. आणि बयजेचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

"दोन पाहुण्या एकदमच आल्या गं," बयजा म्हणाली. "एक पायाशी बसलीय, एक छातीवर. घरात पाट एकच."

इंदुलेखेने तिच्या कपाळावर हात ठेवला. हाताला ना ऊन लागलं, ना गार. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या हाताची भीती वाटली.

वैद्याने काढा पाजला. काढा तसाच्या तसा बाहेर आला. "पौर्णिमेपर्यंत काढेल," तो म्हणाला.

"तिच्या दंडावर डाग आहे. ताप आलाच कसा?"

"डाग तिच्या वाट्याच्या तापाला अडवतो. हा दुसऱ्याच्या वाट्याचा. औषध रोग्याला लागतं, राजकन्ये. रोगी कोण, ते बोलायची मला मुभा नाही."

खिडकीत एक पिंगळा, ते छोटं घुबड, बसला होता. तो म्हणाला, "मला आहे. रोगी तू."

मग पिंगळ्याने ताईताची सगळी हकिगत सांगितली. इंदुलेखा बापाकडे गेली. राजा मान खाली घालून बसला आणि म्हणाला, "मी विचारलं नाही." तिने ताईत ओढला, कापला, जाळला. दोरा जसाच्या तसा. मग तिने विचारलं, "धूमकेश कुठे राहतो?"

"काटेवनापलीकडे, निखाऱ्यांच्या माळापलीकडे, न बोलणाऱ्या गावात," पिंगळा म्हणाला. "चल. तुला काय, काहीच लागत नाही."

ती काटेवनात शिरली. बाभळीचा काटा तिच्या टाचेखाली आला आणि मोडला.

"बयजा ओरडली," पिंगळा म्हणाला. "तुझं सगळं आता तिच्याकडेच वळतं."

"तुला इतक्या लांबून ऐकू आलं?"

"आम्हाला सगळं ऐकू येतं. म्हणून तर झोप येत नाही."

तेव्हा कुठे तिला वाट कळली. जिला काही लागत नव्हतं, तीच आता लुगडं आवरून, फांदी फांदी बाजूला करून, पाऊल बघून चालायला लागली. एका झुडपापाशी अर्धा दिवस गेला. पिंगळा म्हणाला, "गोगलगाय पुढे गेली." तिने पुढची फांदी बाजूला केली. तहान वेळेवर भागवायची, कारण घसा बयजेचा सुकायचा. सावलीत बसायचं, कारण ऊन बयजेला लागायचं. स्वतःला असं जपणं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

निखाऱ्यांचा माळ समोर आला. सरळ गेलं तर घटकाभराची वाट होती. ती डोंगराच्या कडेने फिरून गेली. चंद्र भरत चालला होता.

मग गाव आलं. चुली पेटलेल्या, भाकरी तव्यावर, पाळणे हलते. माणूस एकही नाही. प्रत्येक दारात चपला होत्या, लहानमोठ्या, आणि त्यांच्यावर धुळीचा जाड थर. शेवटच्या घरात धूमकेश पाटावर बसला होता. त्याच्याही गळ्यात काळा दोरा होता. पुढ्यात नुसतं मीठ वाढलेलं ताट.

"खातोय बराच वेळ," तो म्हणाला. "लागत नाही."

"गाव कुठे गेलं?"

"माझ्या वाट्याचं सगळं त्यांनी घेतलं. आधी बायकोने, मग मुलांनी, मग शेजाऱ्यांनी. मी कधी शिंकलोही नाही. आता घ्यायला कुणी उरलं नाही."

"मग आम्हाला ताईत कशाला बांधलास?"

"एकट्याने माफ असणं फार कंटाळवाणं, मुली."

"गाठ सोड."

"तिला शब्द लागतो. 'हे माझं.' पण जिच्यावर तुझं पडलं, तिच्यासमोर म्हणावा लागतो."

"तू का म्हणत नाहीस?"

धूमकेशाने दाराबाहेरच्या चपलांकडे बघितलं. "कुणासमोर म्हणू?"

बाहेर पडल्यावर पिंगळा हळू आवाजात म्हणाला, "शब्द म्हटलास, की तापाची ती ओली बाई बयजेवरून उठून तुझ्याकडे येईल. तुझा दंड कोरा. ती शिवण्याआधी इंगळीने नांगी मारली, तर थोडक्या तापावर भागेल. न मारली तर जाशील. दुखेल मात्र जास्त; पोरांची नांगी वेगळी, तुझ्या वयाची वेगळी."

"बयजा वाचेल?"

"वाचेल."

"मग चल."

पौर्णिमेच्या दुपारी ती बयजेपाशी पोचली. बयजेचे ओठ काळे पडले होते. इंदुलेखा तिच्या उशाशी बसून म्हणाली, "हे माझं."

"नको गं पोरी," बयजा पुटपुटली. "माझं वय झालंय. राहू दे माझ्याकडे."

"माझं आहे, बयजा. दे."

दोरा गळून पडला. बयजेच्या छातीवरून ओली बाई उठली. आता ती इंदुलेखेला दिसली. तिला तोंड नव्हतं, केसांतून नुसतं पाणी गळत होतं. इंदुलेखा वेशीकडे धावली. पायात खडे रुतले, गुडघा फुटला, श्वास लागला. हे सगळं एकदमच तिच्या वाट्याला आलं. मागून ओली पावलं, चप्, चप्, न धावता जवळ येत होती.

तिने शिळेच्या भेगेत हात घातला. आत गार होतं. मानेवर थेंब पडला. दुसरा पडला. इंगळी आली, दंडावर चढली, थांबली. मग तिने नांगी मारली.

राजकन्या अशी ओरडली, की सभेतली कबुतरं उडाली.

तीन दिवस ती फणफणली. बयजा बेडी ओढत उशाशी बसली. ओली बाई दाराबाहेर थांबून होती. तिसऱ्या दिवशी ती आत आली, इंदुलेखेच्या दंडावर वाकली, बराच वेळ हुंगत राहिली. मग सरळ झाली आणि निघून गेली. जाताना मात्र पावलं कोरडी होती.

बेडी तशीच होती. इंदुलेखा आपल्या पायांनी न्यायसभेत गेली आणि दंड उघडा केला. न्यायाधीशांनी डाग बघितला. या वेळी त्यांनी मान वर केली.

"मालू साळी, बोला."

मालू बोलला. राजकन्येने ऐकलं आणि नाकारलं नाही. निकाल झाला: मालूच्या मागाची पावडी चालवायला पाय लागतात, ते आता इंदुलेखेने द्यावेत. शब्द पुरा होताच घरी बयजेच्या पायांतली बेडी वाळल्या सालीसारखी निघाली. राजाने वेशीवर उभं राहून सांगितलं, की आजपासून राजवाड्यालाही माफी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुलेखा मागावर बसली. दुपारपर्यंत टाचेला फोड आला आणि तिने जी हाक मारली, तिने अख्खी आळी दारात आली.

"आई गं! हे असं दुखतं?"

"असंच," मालू म्हणाला. "पाय थांबवू नका, बाईसाहेब. सूत तुटेल."

पावडी खाली गेली, वर आली. त्या राज्यात तेव्हापासून ज्याचं दुखणं त्यालाच दुखतं, आणि औषध लागू पडतं.