येसबाचे कान

गडाच्या चौकीवर येसबा नाईक बसायचा. नजर अधू, चार हातांवरचा माणूसही धड ओळखू यायचा नाही. पण कातळाला कान लावला, की घाटातल्या टापा ऐकून तो सांगायचा, घोडी आपली की परकी.

नवे किल्लेदार विसाजीपंत आले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पहारेकरी आणि दिसत नाही? कानांचं कौतुक पुरे. उणं असेल ते आधी भरून काढा!"

वैद्याने डोळ्यांत अंजन घातलं. सारं ध्यान डोळ्यांत उतरावं म्हणून पंतांनी येसबाच्या कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि त्याला बुरुजावर उभं केलं.

श्रावणातल्या एका सकाळी गनीम थेट दरवाज्याला भिडला. कसाबसा परतवला, पण दरवाज्यावरचे गडी कापले गेले. त्यांत येसबाचा मुलगा तुळाजीही होता.

महाराज चौकशीला आले. पंतांनी भर सदरेत बोट दाखवलं, "पहारा याचा होता. एवढं औषधपाणी केलं, तरी मेल्याला काही दिसलं नाही!"

येसबाने एका कानातला बोळा काढून हे ऐकून घेतलं.

"असं कसं म्हणता, पंत? औषधाला चांगला गुण आला. त्या सकाळी धुकं मला अगदी लख्ख दिसलं."

महाराजांनी पंतांची किल्लेदारी तिथल्या तिथे काढून घेतली. "नाईक, दुसराही बोळा काढा. चौकी पुन्हा तुमची."

येसबाने हातातला बोळा परत कानात घातला.

"राहू द्या, महाराज. खाली माचीवर तुळाजीची आई रडतेय, ते इथवर ऐकू येतं."