आमटीत पडलेला धोंडा

आभाळातून जळता धोंडा सुटला, तो राजवाड्याची कौलं फोडून थेट मुदपाकखान्यात, गोजराबाईच्या उकळत्या आमटीत! धप्प! भिंती पिवळ्या, आचारी पिवळे, आणि चव बघायला आलेले उदंडराजे तर नखशिखांत पिवळे!

मिशीवरची कोथिंबीर झटकत महाराज ओरडले, "स्वर्गाची भेट! आता बघू, तो शेजारचा भुजंगराजा कसली मिजास करतो!"

भुजंगराजाकडे असे दोन धोंडे होते. एक दाणेदार, आत बारीक गोळ्याच गोळ्या. दुसरा बिनदाण्याचा, वितळून पुन्हा थिजलेला. बातमी कळताच त्यानं दूत धाडला, "तुमचा कोणत्या जातीचा?"

धोंड्यावर तर काळंकुळकुळीत कवच! आतलं कळणार कसं?

"गोजरे, तुझ्या पातेल्यात पडला, तूच सांग!" महाराज गरजले. "दूत जेवून उठायच्या आत! आणि खबरदार, स्वर्गाची भेट जो फोडील त्याचं नाक कापीन! नाही सांगितलंस, तर तुलाच वर पाठवतो. विचारून ये!"

गोजराबाई मनात म्हणाली, वर गेलेलं कोण परत आलंय? तिनं धोंडा हुंगला, कानाशी धरून वाजवला. काही उमगेना. इकडे पाटावरचा दूत ताकभातावर आला!

एकाएकी तिचे डोळे लुकलुकले.

"सांगते, महाराज. आत शिळी उसळ आहे."

"काय?"

"मटकीची. जरा आंबलीय."

दूताला ठसका लागला. महाराज लालबुंद! "स्वर्गातून मला शिळी उसळ? खोटारडे!"

"खोटं असेल तर दाखवा!"

"दाखवतोच!" महाराजांनी खलातला बत्ता उचलला नि हाणला. खाड्! धोंड्याची दोन भकलं!

गोजराबाई लगेच वाकली. "हां, आता दिसलं! राखाडी दगडात गोल गोल दाणे, मधूनमधून लोखंडाचे चमचमते कण. दाणेदार जात! दूतभाऊ, सांगा तुमच्या राजांना!"

"आणि उसळ?"

"एवढ्या लांबून आली, वाळायचीच की!"

"लबाड! फोडायचा नाही, असा हुकूम होता माझा!"

"म्हणून तर मी टवकाही उडवला नाही. फोडणाऱ्याच्या हातात अजून बत्ता आहे." गोजराबाईनं अदबीनं विळी पुढं सरकवली. "नाकावर चालवू, की हुकुमावर?"

महाराजांनी बत्ता टाकून दोन्ही हातांनी नाक झाकलं. मग बोटांआडून असे खो खो हसत सुटले, की पागोटं आमटीत पडलं. "हुकुमावर! हुकुमावर चालव!"

त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा तिच्या गळ्यात घातला आणि सुताराला फर्मावलं, "मुदपाकखान्याचं छप्पर नवं घाल. पण मधे एक भोक राहू दे रे! बिनदाण्याचा अजून यायचाय!"