शालिककाकांचा प्रश्न

वैशाख पौर्णिमेला भंडाऱ्याच्या मेश्रामांकडे सगळे नातेवाईक जेवायला जमत आणि बोलत मात्र एकटे शालिककाका. तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, तरी त्यांचा दरारा उतरला नव्हता. पुतणी उत्पला रोज ध्यान करायची, पंचशील मनापासून पाळायची. ते त्यांना खुपायचं.

त्या वर्षी त्यांनी तिला भर पंगतीत गाठलं. "काय गं, डोळे मिटून बसणारे! तुला खोटं बोलायचं नाही ना? मग सगळ्यांसमोर सांग, माणूस म्हणून मी कसा आहे?"

खरं सांगावं तर वडीलधाऱ्याचा अपमान, गोड बोलावं तर शील मोडणार. सगळ्यांनी माना खाली घालून ताटाकडे नजर लावली.

उत्पला म्हणाली, "मी कशाला सांगू, काका? तुम्ही विचारलंत आणि अख्खी पंगत ध्यानाला बसली!"

हशा उसळला. काकाही हसले, पण खीर तशीच टाकून उठले.

पुढच्या वर्षी ते आले आणि कोपऱ्यात गप्प बसून राहिले. घर सुनंसुनं वाटू लागलं. उत्पला त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"काका, काहीतरी बोला ना."

"नको, पोरी," ते हळूच म्हणाले. "मी बोललो की तू खरं बोलतेस."